ज्याला ग्रंथपालाची नोकरी नकोशी झाली होती, त्याच्यामुळंच देशात ग्रंथपाल दिन साजरा होतो

दरवर्षी १२ ऑगस्टला कॉलेजच्या लायब्ररीत पगडी आणि चष्मा घातलेल्या एका माणसाच्या फोटोला हार घातलेला दिसतो. त्या दिवशी ग्रंथपाल दिन असतो आणि फोटो असतो शियाळी रामामृत रंगनाथन यांचा. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक म्हणून त्यांची ओळख सांगितली जाते.

पण गंमत अशी, की या माणसाला ग्रंथपाल व्हायचंच नव्हतं.

रंगनाथन यांचा जन्म १८९२ सालचा. गाव तंजावर जिल्ह्यातलं शियाळी, म्हणजे आजचं सिरकाळी. मद्रास ख्रिश्चन कॉलेजातून गणितात एमए केलं आणि गणिताचे मास्तर झाले. मंगळूर, कोईमतूर आणि मग मद्रासचं प्रेसिडेन्सी कॉलेज. शिकवण्यात त्यांचा जीव रमत होता.

नोकरी लागली आणि कंटाळा आला

१९२४ साली मद्रास विद्यापीठाला पहिला ग्रंथपाल हवा होता. पगार शिक्षकापेक्षा बरा होता. सहकाऱ्यांच्या आग्रहामुळं रंगनाथन यांनी अर्ज केला. ग्रंथालय चालवण्याचा अनुभव शून्य. मुलाखतीच्या आधी एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकामधला ग्रंथालयांवरचा लेख वाचून ते गेले, असं सांगतात. निवड झाली.

पण तिथं वर्ग नाही, पोरं नाहीत, नुसता शुकशुकाट. थोड्याच दिवसांत ते जुन्या कॉलेजच्या प्राचार्यांकडं गेले आणि परत घ्या म्हणाले. प्राचार्यांनी तोडगा काढला. विद्यापीठ शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवतंय तर आधी जाऊन या, त्यानंतरही काम आवडलं नाही तर जागा तुमचीच.

या तोडग्यानं सगळं बदललं.

खेळण्याच्या दुकानात सापडलेली कल्पना

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात रंगनाथन यांनी ग्रंथालयाचं शिक्षण घेतलं आणि शंभरहून जास्त ग्रंथालयं पाहिली. तिथं कामगारांपासून लहान पोरांपर्यंत सगळेच पुस्तकं घेऊन जाताना त्यांनी पाहिले. आपल्याकडं ग्रंथालय म्हणजे पुस्तकं जपून ठेवायची जागा होती. हा फरक गणिताच्या मास्तरांच्या डोक्यात पक्का बसला.

दुसरी गोष्ट घडली सेल्फ्रिजेस नावाच्या मोठ्या दुकानात. तिथं मेकॅनो हा खेळ मांडला होता. त्याच पट्ट्या आणि त्याच नटबोल्टांपासून कधी गाडी बनायची, तर कधी क्रेन.

तेव्हा जगभर पुस्तकांची विभागणी बऱ्याच ठिकाणी ड्युई पद्धतीनं व्हायची. म्हणजे विषयांचे कप्पे आधीच ठरलेले आणि पुस्तक त्यातल्या एकात बसवायचं. रंगनाथन यांनी विचार केला, की कप्पे तयार ठेवण्याऐवजी सुटे भाग ठेवले तर? समजा, भारतात फुप्फुसाच्या क्षयरोगावर क्ष-किरणांनी केलेल्या उपचारांबद्दल पुस्तक आहे. मग वैद्यक, फुप्फुस, क्षयरोग, उपचार, क्ष-किरण आणि भारत असे तुकडे जोडून त्या पुस्तकाचा क्रमांक तयार करायचा. जोडणीसाठी कोलन हे विरामचिन्ह वापरलं, म्हणून पद्धतीचं नाव कोलन वर्गीकरण. १९३३ साली ती पुस्तकरूपात आली. विषयाचे पैलू सुटे करून जोडायचा हा विचार पुढं जगभरातल्या वर्गीकरणाच्या अभ्यासात मुरला.

पाच सूत्रं, जी कुलपाच्या विरोधात आहेत

१९२५ साली परत आल्यावर त्यांनी जुनी नोकरी मागितली नाही. मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयात वाचकाला थेट कपाटांपर्यंत जाऊन पुस्तक हाताळायची मुभा दिली. ग्रंथपाल घडवण्यासाठी १९२९ साली प्रशिक्षण वर्ग सुरू केला. मद्रासमध्ये तर पुढं वीसेक वर्षं त्यांनी सुट्टीच घेतली नाही, असं म्हणतात.

१९३१ साली त्यांनी पाच सूत्रं मांडली. थोडक्यात अर्थ असा, की पुस्तक वापरलं गेलं पाहिजे, हरेक वाचकाला हवं ते मिळालं पाहिजे, हरेक पुस्तकाला वाचक मिळाला पाहिजे, वाचकाचा वेळ वाया जाता कामा नये आणि ग्रंथालय हे वाढत राहणारं जिवंत काम आहे.

वाचायला साधं वाटतं, पण काचेच्या कपाटाला कुलूप आणि किल्ली सरांकडं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. ते कुलूप पहिल्याच सूत्रात बसत नाही.

ग्रंथालय मेहेरबानीवर नको, कायद्यावर चालावं असं त्यांचं म्हणणं होतं. १९३० सालीच त्यांनी कायद्याचा मसुदा मांडला होता. कोल्हापूर संस्थानानं १९४५ साली ग्रंथालय कायदा केला. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली मद्रासनं पहिला राज्य कायदा केला, त्यामागं रंगनाथन यांचा अनेक वर्षांचा पाठपुरावा होता. महाराष्ट्राचा कायदा १९६७ सालचा.

साठवलेले पैसे कुठं गेले?

मद्रासनंतर बनारस, मग दिल्ली विद्यापीठ. १९५७ साली पद्मश्री, १९६५ साली राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक. मान मिळत गेला, राहणी मात्र साधीच राहिली.

१९५६ साली त्यांनी आयुष्यभराच्या बचतीतले १ लाख रुपये मद्रास विद्यापीठाला ग्रंथालयशास्त्राच्या प्राध्यापकपदासाठी दिले. त्या काळात एवढ्या पैशांत निवांत म्हातारपण निघालं असतं. पदाला नाव दिलं पत्नी शारदा यांचं.

पुढं १९६० च्या दशकात बंगळुरूमध्ये शारदा रंगनाथन एंडोमेंट हा न्यास उभा राहिला आणि व्याख्यानमाला सुरू झाली. ग्रंथालयशास्त्रातला जाणकार बोलवायचा, त्यानं एका विषयावर सलग व्याख्यानं द्यायची आणि नंतर त्याचं पुस्तक काढायचं, अशी पद्धत. अमेरिकेचे नामवंत अभ्यासक जेसी शेरा यांनीही इथं व्याख्यानं दिली. ग्रंथालयाचा समाजाशी काय संबंध, हा त्यांचा विषय. त्याचं पुस्तक १९७० साली आलं.

व्याख्यान ऐकायला त्या दिवशी हॉलमध्ये असतील तेवढीच माणसं असतात. पुस्तक झालं, की ते कुणापर्यंतही पोचतं. म्हणजे स्वतःच्या पैशातून चालणाऱ्या कामालाही रंगनाथन यांनी आपलीच सूत्रं लावली.

२७ सप्टेंबर १९७२ रोजी बंगळुरूमध्ये त्यांचं निधन झालं. येत्या १२ ऑगस्टला त्यांच्या फोटोला हार घातला जाईलच. त्या दिवशी फोटोमागच्या कपाटातलं एखादं पुस्तक वाचकाच्या हातात गेलं, तर तो हार जास्त शोभेल.