व्हर्जिनिया हेंडरसन

व्हर्जिनिया ॲव्हेनेल हेंडरसन (३० नोव्हेंबर १८९७ – १९ मार्च १९९६) ह्या अमेरिकन परिचारिका, अध्यापिका आणि परिचर्याशास्त्रावरील लेखिका होत्या. रुग्णाची शुश्रूषा केवळ आजाराच्या नावावरून न ठरवता, त्याला स्वतःला काय करता येते आणि काय येत नाही हे पाहून ठरवावी, या विचाराला त्यांनी शास्त्रीय बैठक दिली.

शिक्षण व अध्यापन

हेंडरसन यांचा जन्म मिसूरी राज्यातील कॅन्सस सिटी येथे झाला. बालपण व्हर्जिनिया राज्यात गेले. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ साली, त्यांनी वॉशिंग्टन येथील लष्करी परिचर्या विद्यालयात प्रवेश घेतला व १९२१ साली तेथील शिक्षण पूर्ण केले. ठरलेल्या वेळी ठरलेली कामे उरकणारी यांत्रिक शुश्रूषा त्यांना विद्यार्थिदशेतच खटकली होती. पुढे न्यू यॉर्कच्या हेन्री स्ट्रीट संस्थेतर्फे त्यांनी घरोघरी जाऊन रुग्णसेवा केली. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधून पदवी (१९३२) व पदव्युत्तर पदवी (१९३४) घेतल्यावर १९४८ पर्यंत त्यांनी तेथेच अध्यापन केले.

शुश्रूषेचे तीन स्तर

बर्था हार्मर यांच्या पाठ्यपुस्तकाच्या १९५५ च्या आवृत्तीत हेंडरसन यांनी परिचर्येची व्याख्या दिली. पुरेसे बळ, इच्छा वा ज्ञान असते तर माणसाने जे स्वतःच केले असते, त्यात त्याला साहाय्य करणे आणि शक्य तितक्या लवकर स्वावलंबी करणे, हे परिचारिकेचे खास कार्य होय, असा तिचा आशय आहे. शांत मृत्यूसाठी केलेले साहाय्यही तीत येते.

यासाठी त्यांनी चौदा मूलभूत गरजा सांगितल्या: श्वसन, खाणेपिणे, उत्सर्जन, हालचाल, झोप, कपडे, शरीराचे तापमान, स्वच्छता, धोक्यापासून बचाव, भावना व्यक्त करणे, श्रद्धेनुसार उपासना, काम, करमणूक आणि शिकणे. यांपैकी कोणती गरज रुग्ण स्वतः भागवू शकतो, यावर परिचारिकेची भूमिका अवलंबून राहते. बेशुद्ध रुग्णाच्या बाबतीत ती जणू त्याचेच हातपाय होते; कूस बदलणे, तोंड स्वच्छ करणे, सारे तिलाच करावे लागते. रुग्ण उठून बसू लागला की ती केवळ हातभार लावते. तो आणखी सुधारला की दोघे मिळून पुढील उपचारांची आखणी करतात. एकच रुग्ण काही दिवसांत या तिन्ही अवस्थांतून जाऊ शकतो. प्रकृती ढासळल्यास उलट दिशेनेही. म्हणूनच स्वतः चमचा उचलू शकणाऱ्याला घाईपोटी किंवा मायेपोटी भरवणे, ही या दृष्टीने चूकच ठरते. वरकरणी ही बाब क्षुल्लक वाटते, परंतु व्याख्येचा सारा रोख येथेच आहे.

उत्तरायुष्य

१९५३ पासून हेंडरसन येल विद्यापीठात होत्या. १९०० ते १९५९ या काळातील परिचर्याविषयक साहित्याची चार खंडांची सूची त्यांच्या नेतृत्वाखाली सिद्ध झाली. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेसाठी त्यांनी लिहिलेल्या पुस्तिकेची (१९६०) अनेक भाषांत भाषांतरे झाली. पाठ्यपुस्तकाची सहावी आवृत्ती १९७८ मध्ये निघाली, तेव्हा त्यांनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडली होती. १९८५ मध्ये परिषदेचा पहिला ख्रिस्तियाने राइमान पुरस्कार त्यांना देण्यात आला. कनेटिकट राज्यातील ब्रॅनफर्ड येथे वयाच्या ९८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.