सूरश्री केसरबाई केरकर : गुरू जवळचे आणि दूरचे

आपल्या गोव्याने हिंदुस्थानी संगीताला जी रत्ने दिली, त्यांत सूरश्री केसरबाई केरकर यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचा जन्म १३ जुलै १८९२ रोजी केरी या गावी झाला.

वयाच्या आठव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी कोल्हापूरला नेले. तेथे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची तालीम मिळाली. पण ती सुमारे आठ महिनेच. गोव्यात परतल्यावर पं. रामकृष्णबुवा वझे लामगावला येत, तेव्हा केसरबाई त्यांच्याकडे शिकत. बुवा परत गेले की तालीम थांबे. सोळाव्या वर्षी त्या मुंबईला आल्या. तेथे सतारवादक बरकतुल्ला खाँ व पं. भास्करबुवा बखले यांचे मार्गदर्शनही थोडा थोडा काळ लाभले. गुरू सारे थोर होते. उणीव होती ती सातत्याची.

ती भरून निघाली १९२१ साली. जयपूर-अत्रौली घराण्याचे उस्ताद अल्लादिया खाँ यांचे शिष्यत्व त्यांनी पत्करले, तेव्हा त्यांनी वयाची अठ्ठाविशी ओलांडली होती. त्या वयात त्या पुन्हा शिकायला बसल्या आणि १९४६ साली खाँसाहेबांचे निधन होईपर्यंत ते नाते टिकले. पुढे १९५३ साली संगीत नाटक अकादमी पुरस्कार व १९६९ साली पद्मभूषण हे सन्मान त्यांना मिळाले. १९७७ साली अंतराळात गेलेल्या व्हॉयेजर यानांतील तबकडीवर त्यांची भैरवी आहे. त्याच वर्षी १६ सप्टेंबरला त्यांनी जगाचा निरोप घेतला.

मुलाचा गळा चांगला असला की आजही पालकांना प्रश्न पडतो : गावातल्या शिक्षकांकडे शिकवावे की बाहेरगावच्या नामवंत गुरूंकडे पाठवावे? केसरबाईंचे चरित्र वाचून आम्हांला वाटते की, गुरूंच्या नावाइतकेच तालमीच्या सातत्यालाही महत्त्व द्यावे. महिन्यातून एकदा भेटणारे गुरू दिशा दाखवतील. पण रोजचा सूर-ताल तपासायला जवळचे शिक्षकच हवेत. दोघांकडे शिकवायचे असल्यास दोघांनाही ते मोकळेपणाने सांगावे आणि दूरच्या गुरूंनी दिलेला पाठ जवळच्या शिक्षकांसमोर घोटून घ्यावा. नाहीतर एकाने बसवलेले दुसऱ्याकडे मोडते आणि गोंधळते ते मूल.

विद्यार्थी मित्रहो, रियाज मात्र तुमचा तुम्हांलाच करायचा आहे!