सरकारने विमानांची ऑर्डर दिली आणि सोलापूरच्या वालचंदांनी बेंगळुरूत कारखाना उभा केला

कर्वेनगरमधून पुणे स्टेशन गाठायचं आणि मुंबईची गाडी पकडायची. लोणावळा मागे पडलं की घाट सुरू होतो, बोगद्यामागून बोगदा येतो आणि मोबाईलची रेंज गायब होते.

या घाटातल्या काही बोगद्यांचं काम ज्यांच्या कंपनीने केलं, त्याच माणसाने पुढे भारतातला पहिला विमान कारखाना काढला. वालचंद हिराचंद दोशी.

आज सरकारी खरेदी म्हटलं की आपल्याला टेंडर आणि घोटाळेच आठवतात. पण सरकार गिऱ्हाईक म्हणून उभं राहिलं तर देशात नसलेला उद्योग जन्माला येऊ शकतो. आणि तेच गिऱ्हाईक मालकाच्या हातून तो उद्योग काढूनही घेऊ शकतं. वालचंदांनी या दोन्ही गोष्टी अनुभवल्या.

रेल्वेच्या कंत्राटापासून सुरुवात

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ ला सोलापुरात झाला. घर जैन व्यापाऱ्यांचं, धंदा कापसाचा आणि सावकारीचा. शिकायला ते मुंबईच्या सेंट झेवियर्सला आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजला होते, पण डिग्री काही पूर्ण झाली नाही. घरचा व्यापार होता, पण त्यात त्यांचं मन रमेना.

लक्ष्मणराव फाटक नावाचे गृहस्थ रेल्वेतली कारकुनी सोडून कंत्राटदार झाले होते. वालचंदांनी त्यांच्याशी भागीदारी केली. पहिलं काम मिळालं बार्शी लाईट रेल्वेचं. पुढे घाटातले बोगदे आले, मुंबईला पाणी आणणारी तानसाची पाईपलाईन आली. १९२६ मध्ये हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी सुरू झाली.

या सगळ्या कामांत पैसे देणारा बहुतेक वेळा सरकार किंवा रेल्वेच असायची. एवढं मोठं काम दुसरं कोण देणार? हातात वर्क ऑर्डर असली की बँक दारात उभी करते, यंत्रं घेता येतात, माणसं तयार होतात. हे गणित वालचंदांना तरुणपणीच कळलं.

ऑर्डर नसली की काय होतं?

उलटा धडा त्यांना समुद्रावर मिळाला. १९१९ मध्ये त्यांनी नरोत्तम मोरारजी आणि इतरांबरोबर सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून घेतलेलं लॉयल्टी हे जहाज ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून लंडनला निघालं. ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन असतो, तो याच जहाजामुळे.

पण समुद्रावर राज्य होतं ब्रिटिश कंपन्यांचं. सरकारी टपालाची कंत्राटं त्यांच्याकडे, वजन त्यांचं. त्यांनी भाडी पाडली. शेवटी १९२३ मध्ये सिंधियाला १० वर्षांचा करार करावा लागला आणि किनाऱ्यालगतच्या वाहतुकीपुरतंच थांबावं लागलं. सरकारने आपली मागणी कुणाच्या पारड्यात टाकली, त्यावर अख्ख्या उद्योगाचं नशीब ठरत होतं.

प्रवासातली भेट आणि विमानाचं वेड

१९३९. दुसरं महायुद्ध पेटलेलं. परदेश प्रवासात वालचंदांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन माणसाशी पडली. पॉली चीनला विमानं पुरवायचा, तिथे त्याचा कारखानाही होता. वालचंदांच्या डोक्यात आलं, चीनमध्ये जमतं तर भारतात का नाही?

अडचण साधी होती. विमानं घेणार कोण? खासगी गिऱ्हाईक नव्हतंच. घेतलं तर फक्त सरकार घेणार, आणि ऑर्डरची खात्री नसताना कारखान्यात पैसा ओतणं म्हणजे विहिरीत टाकणं.

तेव्हा जगभर हेच चाललं होतं. फ्रान्सने अमेरिकेकडे कर्टिस कंपनीच्या हॉक लढाऊ विमानांची मागणी नोंदवली होती. अशा परदेशी सरकारांच्या पैशावर अमेरिकेतले विमान आणि इंजिन कारखाने वाढले, तेही अमेरिका युद्धात उतरण्याच्या आधी.

वालचंदांनी दिल्लीला प्रस्ताव दिला. यंत्रं आणि सुटे भाग अमेरिकेतून यायचे होते आणि ब्रिटनलाही तिथूनच माल हवा होता. त्यामुळे सुरुवातीला घोडं अडलं. पण १९४० मध्ये फ्रान्स पडला, गरज वाढली आणि सरकारने होकार दिला. ऑर्डर तीन प्रकारच्या विमानांची होती: हार्लो ट्रेनर, कर्टिस हॉक आणि व्हल्टी बॉम्बर.

जागा दिली म्हैसूर संस्थानाने. दिवाण मिर्झा इस्माईल यांनी हा उद्योग बेंगळुरूला यावा म्हणून पुढाकार घेतला. २३ डिसेंबर १९४० ला हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही कंपनी नोंदली गेली. पॉलीने अमेरिकेतून यंत्रं आणली. १९४१ मध्ये पहिलं हार्लो तयार झालं आणि १९४२ मध्ये हॉक उडालं. डिझाईन अमेरिकेचं, जोडणारे हात इथले.

गिऱ्हाईकच मालक झालं

मार्च १९४१ मध्ये भारत सरकारने कंपनीत भागीदारी घेतली. डिसेंबरमध्ये जपान युद्धात उतरला, युद्ध ब्रह्मदेशात येऊन धडकलं. सरकारला कारखाना पूर्णपणे आपल्या हाताखाली हवा होता. १९४२ मध्ये त्याने कारभार ताब्यात घेतला आणि वालचंदांना मोबदला घेऊन बाहेर पडावं लागलं. १९४३ मध्ये तिथे अमेरिकन हवाई दलाचं दुरुस्तीचं काम सुरू झालं.

एकाच गिऱ्हाइकावर उभ्या असलेल्या धंद्याची हीच गोम असते. ज्या ऑर्डरमुळे कारखाना उभा राहिला, त्याच ऑर्डरमुळे नाही म्हणायची ताकद मालकाकडे उरली नाही.

वालचंद मात्र थांबले नाहीत. जून १९४१ मध्ये त्यांनी विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा पाया घातला होता. तिथे १९४८ मध्ये जलउषा पाण्यात उतरलं. मोटारींसाठी युद्धकाळात सरकारची साथ मिळाली नाही, तरी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स निघाली आणि क्रायस्लरशी करार झाला. मुंबईची ती जुनी काळी-पिवळी टॅक्सी याच कंपनीची. इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगरही त्यांचंच.

८ एप्रिल १९५३ ला गुजरातमधल्या सिद्धपूरला त्यांचं निधन झालं. त्याआधी जहाजबांधणीचा कारखानाही सरकारकडे गेला होता.

पुढे काय झालं?

वालचंदांच्या हातून गेलेल्या कारखान्यातून १९५१ मध्ये एचटी-२ हे भारतात डिझाईन केलेलं ट्रेनर विमान उडालं. त्या कामाचं नेतृत्व केलं विष्णू माधव घाटगे यांनी. पुढे घानानेही आपल्या हवाई दलासाठी ही विमानं घेतली. अमेरिकेतून यंत्रं आणून सुरू झालेल्या कारखान्याचं विमान आता दुसऱ्या देशाचं सरकार विकत घेत होतं.

१९६४ पासून हीच कंपनी हिंदुस्तान एरोनॉटिक्स, म्हणजे एचएएल म्हणून ओळखली जाते. २०२१ मध्ये तिला ८३ तेजस विमानांची ऑर्डर मिळाली. गिऱ्हाईक भारत सरकार, कारखाना भारतातला आणि इंजिन अमेरिकेतून येणारं. १९४० मध्ये वालचंदांनी मांडलेला डाव साधारण असाच होता.