कलामहर्षि बाबूराव पेंटर

भिंतीवरील रंगीत भित्तिपत्रक पाहून आपण क्षणभर थांबतों, परंतु तें कोणाच्या हातचें आहे याची चौकशी क्वचितच करतों. चित्र दिवाणखान्यांत टांगलें तर ती कला, आणि रस्त्यावर लाविलें तर तें पोटाचें काम, असा पुष्कळांचा समज असतो. हा समज ज्यांच्या चरित्रानें खोटा ठरला, त्या बाबूराव पेंटर यांची ओळख आमच्या शिरूरच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून द्यावी, असें आम्हांस वाटतें.

युरोपांत भित्तिपत्रकास कलेचा मान मिळवून देण्यांत फ्रान्समधील झ्यूल शेरे हे प्रमुख होते. ते छापखान्यांतील एका कामगाराचे पुत्र. लहानपणींच ते शिळाछापाच्या धंद्यांत उमेदवारीस राहिले. दगडावर तेलकट खडूनें चित्र काढावयाचें, प्रत्येक रंगाकरितां निराळा दगड घ्यावयाचा व एकावर एक छाप उठवावयाचे, अशी ही पद्धति. तिच्या बळावर त्यांनीं पॅरिसचे रस्ते रंगांनीं भरून टाकिले, आणि १८९० सालीं सरकारनें त्यांस राष्ट्रीय सन्मान दिला. त्याच वर्षीं, ३ जून रोजीं, कोल्हापुरांत बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म झाला.

बाबूरावांचें घराणें हुन्नरी कारागिरांचें होतें. कलाशाळेची पायरी न चढतां ते चित्रकला व मूर्तिकला शिकले. नात्यानें बंधु लागणाऱ्या आनंदरावांसह त्यांनीं नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविले, आणि लोक दोघांसही ‘पेंटर’ म्हणूं लागले. धंद्याचें हें नांव बाबूरावांनीं अभिमानानें आडनांव म्हणून धारण केलें.

१९१३ सालीं दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रसिद्ध झाला, आणि ह्या बंधूंस चित्रपटाचा ध्यास लागला. स्वतःच कॅमेरा बनविण्याच्या खटपटींत ते असतां १९१६ सालीं आनंदराव निवर्तले. बाबूराव खचले नाहींत. शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साहाय्यानें त्यांनीं १९१८ सालीं कॅमेरा सिद्ध केला. गायिका तानीबाई कागलकर यांनीं द्रव्यसाहाय्य केलें, आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. तिचा ‘सैरंध्री’ हा चित्रपट १९२० सालीं पुण्यांत लागला. त्यांत स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनींच केल्या होत्या. लोकमान्य टिळकांनीं बाबूरावांस ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली.

चित्रपटाच्या पोशाखांचीं व देखाव्यांचीं रेखाटनें बाबूराव स्वतः करीत, आणि त्याच हातानें भित्तिपत्रकेंही रंगवीत. पुष्कळ प्रेक्षकांस तेव्हां अक्षरओळख नव्हती. छापील मजकूर त्यांच्या काय उपयोगाचा? कथा कोणती, नायक कोण, प्रसंग कसा, हें सर्व एका चित्रानेंच सांगावें लागे. १९२४ सालच्या ‘कल्याण खजिना’ ह्या त्यांच्या चित्रपटाचें भित्तिपत्रक भारतांतील उपलब्ध चित्रपट-भित्तिपत्रकांत अत्यंत जुन्यांपैकीं मानलें जातें. ह्याच चित्रपटास वेंब्ली येथील प्रदर्शनांत पदक मिळालें.

१९२५ सालच्या ‘सावकारी पाश’ मध्यें त्यांनीं जमीन गमावून शहरांत मजुरीस जाणारा शेतकरी दाखविला. आमच्या तालुक्यांतील कर्डे गांवीं १८७४ सालीं सावकाराविरुद्ध बहिष्कार पुकारला गेला होता. म्हणून ह्या विषयाचें महत्त्व येथील पालकांस निराळें सांगावयास नको.

१९२९ सालीं दामले, फत्तेलाल, शांताराम हे शिष्य बाहेर पडले व त्यांनीं प्रभात फिल्म कंपनी काढली. गुरूस हा मोठाच धक्का होता. परंतु दामले व फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’ ह्या चित्रपटाचा १९३७ सालीं व्हेनिस येथें गौरव झाला, तेव्हां त्या यशांत कोल्हापुरांतील गुरूच्या शिकवणीचाही वांटा होता. बाबूरावांनीं पुढें बोलपटही केले, पण कुंचला व छिन्नी त्यांच्या हातून कधीं सुटली नाहीं. १६ जानेवारी १९५४ रोजीं त्यांचा अंत झाला.

कोणतेंही काम जागेनें मोठें किंवा लहान होत नाहीं. करणारा त्यांत किती जीव ओततो यावर त्याची योग्यता ठरते. चित्रकलेच्या तासास कंटाळणाऱ्या विद्यार्थ्यांनीं, तसेंच हातांत कुंचला घेणाऱ्या मुलास रागावणाऱ्या पालकांनीं, पडदे रंगविणाऱ्या ह्या कारागिराचें चरित्र एकवार मनन करावें, इतकीच आमची विनंति आहे.