हाडांची चित्रे

सांतियागो रामोन इ काहाल यांचा जन्म १८५२ साली स्पेन देशातील एका डोंगराळ खेड्यात झाला. लहान सांतियागोला चित्रांचे विलक्षण वेड; पाठांतराचा मात्र मनस्वी कंटाळा. वडील शल्यवैद्य होते. चित्रकला त्यांना रिकामटेकडा उद्योग वाटे. त्यांनी मुलाचे रंग-कागद काढून घेतले. काही काळ त्याला न्हाव्याच्या व चांभाराच्या हाताखालीही ठेवले!

१८६८ साली वडिलांनीच त्याला शरीरशास्त्र शिकविण्याचे ठरविले आणि त्यासाठी जुन्या दफनभूमीतून हाडे आणली. सांतियागो एकेक हाड निरखी व त्याचे चित्र काढी. हाडाचा खळगा, उंचवटा कागदावर उतरला की मनातही उतरे. ती चित्रे पाहून वडिलांचा राग मावळला.

पुढे काहाल मेंदूचा अभ्यास करू लागले. सकाळी सूक्ष्मदर्शकातून पाहिलेले ते दुपारी आठवणीने रेखाटीत आणि पुन्हा सूक्ष्मदर्शकात पाहून ताडून घेत. काय निसटले, काय चुकले, हे चित्रच सांगे. अशाच परिश्रमातून १८८८ साली त्यांनी दाखवून दिले, की मेंदूतील पेशी एकसंध जाळ्याच्या नसून सुट्या असतात. १९०६ साली त्यांना गोल्जी या शास्त्रज्ञासह नोबेल पारितोषिक मिळाले. गोल्जींना मात्र हे मत मान्य नव्हते. १९३४ साली काहाल निवर्तले. त्यांची शेकडो चित्रे माद्रिद शहरात जपून ठेवली आहेत.