मूकनायकाचा दाता : राजर्षी शाहू छत्रपती



आपल्या धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्यात तेरणेच्या काठी तेर हे गाव आहे. प्राचीन काळी त्याचे नाव तगर. तेथील उत्खननात विटांच्या स्तूपाचे अवशेष सापडले. त्या काळच्या कार्ले आणि कान्हेरीच्या लेण्यांवरील शिलालेख पाहिले तर दात्यांची नावे आढळतात. त्यांत व्यापारी आहेत, सुगंधी द्रव्ये विकणारा आहे, सुतार आहे, लोहार आहे, भिक्खुणीही आहेत. धम्माला दान नवे नाही. श्रावस्तीच्या अनाथपिंडिकाने जेतवनाची जमीन नाणी अंथरून विकत घेतली आणि संघाला दिली. पण भगवंतांनी काय उपदेश करावा हे त्याने कधी सांगितले नाही. दाता कसा असावा याचे हे माप होय. आज त्या मापाने एका राजाचे चरित्र पाहू.

शाहू महाराजांचा जन्म 26 जून 1874 रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. त्यांचे मूळ नाव यशवंतराव. 1884 मध्ये ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि 2 एप्रिल 1894 रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. पुढे त्यांच्या पुरोहिताने राजाला शूद्र ठरवून वेदोक्त मंत्र नाकारले. राजवाड्यात राहूनही जातीचा डंख त्यांना बसला. ज्या व्यवस्थेने राजाला हीन ठरवले ती गावकुसाबाहेरच्या माणसाचे काय करीत असेल, हे त्यांनी ओळखले.

26 जुलै 1902 रोजी त्यांनी मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या शेकडा 50 जागा राखून ठेवल्या. निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे काढली. 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा हुकूम झाला. 1918 मध्ये कोल्हापुरात महार वतन रद्द झाले. गंगाराम कांबळे या आपल्या नोकराला पाण्याला शिवल्याबद्दल मारहाण झाली, तेव्हा महाराजांनी त्याला भांडवल देऊन चहाचे दुकान काढून दिले. एवढ्यावर ते थांबले नाहीत. स्वतः त्या दुकानाचा चहा प्याले आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजला. नुसते भांडवल दिले असते तर दुकान गिऱ्हाइकाविना बंद पडले असते.

याच सुमारास मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकर सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. बहिष्कृतांची बाजू मांडणारे वर्तमानपत्र त्यांना हवे होते. ज्ञान होते, लेखणी होती, पैसा नव्हता. कोल्हापूरचे दत्तोबा पवार यांनी त्यांची महाराजांशी ओळख करून दिली. महाराजांनी 2500 रुपये दिले आणि 31 जानेवारी 1920 रोजी मूकनायक निघाला. सरकारी नोकरीमुळे बाबासाहेबांचे नाव संपादक म्हणून नव्हते, ते पांडुरंग नंदराम भटकर यांचे होते. महाराजांचेही नव्हते. पैसा दात्याचा, पण आवाज मात्र मुक्यांचाच राहिला.

21 व 22 मार्च 1920 रोजी कागल जहागिरीतील माणगाव येथे परिषद भरली. महाराज आले. तिथे स्वतः पुढारी होणे त्यांना सहज शक्य होते. पण आपला पुढारी आपल्याच माणसांतून निवडा, तो तुम्हाला मिळाला आहे, असे सांगून त्यांनी बाबासाहेबांकडे बोट दाखवले. मे अखेरीस नागपूरच्या बहिष्कृत परिषदेचे ते अध्यक्ष होते. बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले तेव्हा पगारातली शिल्लक, नवल भथेना या मित्राकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज आणि महाराजांची मदत अशी त्यांची शिदोरी होती.

आता दुसरी बाजू. त्याआधी 1913 मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी बाबासाहेबांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला पाठवले. त्या उपकाराला आपण विसरत नाही. पण त्याबरोबर बडोद्याच्या नोकरीचा दहा वर्षांचा करार होता. 1917 मध्ये बाबासाहेब त्या नोकरीवर गेले, तर महाराजांच्या राजधानीत त्यांना राहायला घर मिळेना. पारशी धर्मशाळेतून काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. धनवानाचा पैसा माणसाला समुद्रापलीकडे नेऊ शकतो, शेजाऱ्याचे मन मात्र बदलू शकत नाही.

शाहू महाराजही ब्राह्मणेतर चळवळीचे नेते होते आणि त्यात त्यांचे स्वतःचे राजकारण होते, हे मान्य केले पाहिजे. शिवाय एका माणसाच्या आयुष्यावर चळवळ उभी राहू शकत नाही. 6 मे 1922 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय अवघे 47. बाबासाहेब परदेशी होते. 1923 मध्ये मूकनायक बंद पडला. 1927 मध्ये बहिष्कृत भारत निघाला, तोही पैशाअभावी 1929 मध्ये थांबला.

आपल्या भागाला तर शाहूंसारखा राजा लाभलाच नाही. येथे बव्हंशी निजामाचा अंमल होता. कोल्हापुरात वतन 1918 मध्ये एका हुकमाने गेले. त्याच वतनाच्या जोखडाचा विचार करण्यासाठी कसबे तडवळे येथे फेब्रुवारी 1941 मध्ये महार-मांग वतनदार परिषद भरली. बाबासाहेब आले, लोकांनी बैलगाडीतून त्यांची मिरवणूक काढली. मुंबई राज्यात असली वतने रद्द करणारा कायदा 1958 साली झाला. म्हणजे राजाच्या एका सहीचे काम करायला लोकांना चाळीस वर्षे लागली. पण राजाच्या सहीची हद्द संस्थानच्या सीमेवर संपत होती, लोकांनी मिळवलेला कायदा एका संस्थानापुरता नव्हता.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला लाखो माणसे गेली. त्यांना कोणा धनिकाने नेले नव्हते. भाकरी बांधून, पदरमोड करून ती गेली. म्हणून दीक्षाभूमीवर कोणाचा मालकी हक्क नाही.

बंधूंनो, आज गावोगावी विहाराच्या बांधकामाला, जयंतीच्या मंडपाला देणगी देणारे पुढे येतात. निवडणूक जवळ आली की ही दानत वाढते. प्रत्येकाचा हात झिडकारावा असे नाही. शाहूंचा हात बाबासाहेबांनी झिडकारला नाही. पण देणाऱ्याला विचारा, की तू खुर्ची देतोस की खुर्ची मागतोस? गंगारामाच्या दुकानी तू चहा पिशील काय? त्याचे उत्तर मिळाले की पावती फाडा. आणि त्याच्या हजार रुपयांच्या आधी वहीत आपल्या घरच्या दहा रुपयांची नोंद झाली पाहिजे. मग विहार आपला राहील.

जय भीम!