स्पर्शाने उजळलेले जीवन

हेलन केलर यांचा जन्म अमेरिकेतील टस्कंबिया या गावी २७ जून १८८० रोजी झाला. १९ महिन्यांची असताना हेलन आजारी पडली. जीव वाचला, परंतु दृष्टी व श्रवणशक्ती दोन्ही कायमच्या गेल्या. मनातले कोणास सांगता येईना, म्हणून ती वारंवार संतापत असे.

१८८७ मध्ये ॲन सुलिव्हन ही तरुण शिक्षिका तिला शिकविण्यास आली. एके दिवशी तिने हेलनचा एक हात पाण्याच्या धारेखाली धरला व दुसऱ्या तळहातावर बोटांच्या खुणांनी त्याच पाण्याच्या नावाची अक्षरे उमटविली. प्रत्येक वस्तूला नाव असते, हे हेलनला त्या क्षणी उमगले! पुढे १९०४ मध्ये त्या पदवीधर झाल्या. अंध-बधिर व्यक्तीने पदवी मिळविल्याचे जगातील ते पहिलेच उदाहरण होते.

लाभलेले ज्ञान त्यांनी स्वतःपुरते ठेवले नाही. अपंगांना दया नको, शिक्षण व काम हवे, हे पटवीत त्या देशोदेशी फिरल्या. १९५५ मध्ये, वयाच्या ७४ व्या वर्षी, त्या भारतातही आल्या. १ जून १९६८ रोजी त्या निवर्तल्या.

पुढे १९७७ मध्ये मुंबईत अंध-बधिर मुलांसाठी शाळा निघाली. तिला नाव मिळाले ते हेलन केलर यांचेच.